शेवंताबाईंचे आमेन

पहिल्यांदा शेवंताबाईंच्या दाराशी गेले तेव्हा आत कोणी पाहुणे आले आहेत असे समजून मी बराच वेळ बाहेर उभी राहिले होते.

जपानी बॉम्ब पडणार म्हणून तेव्हा मुंबई रिकामी होत होती. माझ्या बोर्डिंगच्या शाळेनेही मुलींना घरोघर पाठवून दिले होते. मी सतरा वर्षांची होते. पपा कर्जतला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि आम्ही मिशनच्याच आवारात, मिशनच्याच दोन खोल्यांत राहत होतो. आईने वाटीभर लोणचे देऊन मला आवाराच्या टोकाच्या खोलीकडे पाठवले. दार उघडे होते. आत धूर होता आणि धुरातून आवाज येत होता.

"ओली लाकडं देतोस नि वर बसून धूर बगतोस. माजं डोळं गेलं तं तुजं पुस्तक कोन वाचनार? सांग की. आता का गप?"

दोन माणसे बोलत असताना मध्ये जाऊ नये, हे शाळेने मला पक्के शिकवले होते. मी वाटी धरून उभी राहिले. दुसरे माणूस काही बोलत नव्हते. एखादा लाजाळू भाचा असेल, असे मला वाटले, आणि मला त्याच्याविषयी थोडी आपुलकीही वाटली. शेवटी बाई राखेचे घमेले घेऊन बाहेर आल्या.

"अगं, उबी का तू?"

"पाहुणे आहेत ना आत?"

त्यांनी मागे वळून पाहिले. मीही पाहिले. बाजेवर त्यांची थोरली बहीण बायजाआक्का पडून होती. तिच्या अंगावरून वारे गेले होते आणि पाच वर्षे ती एक शब्दही बोलली नव्हती. चुलीपाशी दोन पाट मांडलेले होते. एकावर बाई बसत. दुसऱ्यावर कोणी नव्हते.

"पावना कुटला गं," बाई म्हणाल्या, "घरचाच हाय. ये आत."

शेवंताबाई मिशनच्या बायबलबाई होत्या. म्हणजे गावोगाव पायी जायचे, बायकांना ओसरीवर जमवून येशूच्या गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची, आजाऱ्यापाशी बसायचे. त्याचा त्यांना पगार होता आणि ती खोली होती. वय पन्नाशीच्या पुढे असावे. काटक, काळ्या, समोरचा एक दात पडलेल्या. लहानपणी दुष्काळात आई गेली आणि मिशनच्या अनाथाश्रमात दोघी बहिणी वाढल्या, एवढेच त्यांच्या मागच्या आयुष्याविषयी मला ठाऊक होते.

त्यांची सवय सगळ्या कर्जतला माहीत होती. कुठेही बसल्या तरी त्या कडेला बसत आणि बाजूला एका माणसाची जागा मोकळी ठेवत. बाकावर, बैलगाडीत, कोणाच्या उंबऱ्यावर, सगळीकडे. लोक हसत. पोरे त्यांना पाहिले की एकमेकांना कोपराने ढकलून "सरक रं, सरक!" म्हणत. बाई पोरांनाही हसत.

एकदा मी त्यांच्याबरोबर टांग्यांच्या अड्ड्यावरच्या छपरात बसले होते. एक तांदळाचे व्यापारी आले आणि त्यांनी आपली छत्री त्या मोकळ्या जागेवर आडवी टाकली.

"शेठ, उचला ती," बाई म्हणाल्या.

"का? जागा रिकामी आहे की."

"रिकामी नाय. बसलेत तितं."

"कोण बसलंय?"

"तुमच्या भाताला पानी देतात ते."

शेठ मोठ्याने हसले. "मग त्यांना सांगा, यंदा जरा बेताने द्या म्हणावं. गेल्या साली खाचरं वाहून गेली."

"सांगते. पन छत्री आदी उचला. तेंच्या मांडीवर ठिवलीत."

आणि शेठनी छत्री उचलली. हसत हसत, पण उचलली. टांगेवाले खिंकाळल्यासारखे हसू लागले. मी दुसरीकडे तोंड करून रस्त्यावरच्या घोड्याकडे पाहत बसले. या बाईंची आणि माझी ओळख नाही असे लोकांना वाटावे, अशी माझी इच्छा होती. ही इच्छा पुढे पुरी झाली, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

रविवारच्या उपासनेत सगळे डोळे मिटत तेव्हा बाईंचे डोळे उघडे असत. हे मला कसे कळले, तर माझेही उघडे असत. मी भिंतीवरची पाल पाही, लोकांच्या माना पाही. बाई मात्र एखाद्याशी बोलताना आपण त्याच्याकडे पाहतो तशा शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहत. प्रार्थना संपली की सगळी मंडळी "आमेन" म्हणे. बाई म्हणत नसत. एकदा मी धीर करून विचारले.

"डोळं मिटून कोनाला शोदू? इतं बसलाय की."

"आणि आमेन?"

"आमेन म्हनलं की लोक काय करतात, बगितलंस?"

"काय करतात?"

"चपला शोदतात." त्या पडलेल्या दातातून हसल्या. "मानूस उटून जातो गं आमेन म्हनून. मी चुलीशी तेच्याशी बोलते, नदीवर बोलते, वाटंनं बोलते. आमेन कुटं म्हनू? मरताना म्हनीन, एकदाच. तंवर चालू हाय."

मला स्वतःला प्रार्थना येत नसे. म्हणजे पाठ होती, सुंदर इंग्रजीत. घंटा झाली की सुरू, घंटा झाली की बंद. बाईंचे बोलणे ऐकताना मला ती घंटा आठवे आणि उगाच राग येई. कोणाचा, ते कळत नसे.

भिवपुरीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक कातकरवाडी होती. वीजघरातून निघालेल्या तारा वाडीच्या डोक्यावरून मुंबईला जात आणि खाली वाडीत रॉकेल मिळाले तर चिमणी पेटे. तिथल्या ठकी नावाच्या बाईचे मूल तापाने फणफणले होते. युद्धामुळे क्विनीन मिळत नव्हते. बाईंनी पपांच्या मागे लागून थोडे मिळवले. जितके हवे होते त्याच्या निम्मेच. आम्ही वाडीत पोचलो तेव्हा मूल गेलेले होते.

बाई ठकीजवळ बसल्या नाहीत. अंगणात उभ्या राहिल्या आणि बाजूला तोंड करून, सगळ्यांच्या देखत बोलू लागल्या.

"तुज्या हातात हुतं. पायाची कातडी जाईतो तुजं नाव सांगत फिरते मी, नि तुला एवडंसं पोर राखता आलं नाय? आज माज्याशी बोलू नको. जा."

रडता रडता ठकीच घाबरली. "नका वो बाई रागं भरू त्याला. आईकंल तो."

"आईकू दे. तेच्यासाटीच बोलते."

परतीच्या वाटेवर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. ना माझ्याशी, ना आणखी कोणाशी. उल्हास नदीच्या उताराशी एका मोठ्या दगडावर दम खायला बसल्या. अगदी कडेला. दगडाचा बाकीचा भाग मोकळा ठेवून. मी त्या मोकळ्या दगडाकडे पाहत राहिले.

"भांडलात ना त्याच्याशी?" मी विचारले.

"भांडले. घराबाहेर नाय काडला."

त्या वर्षी मिशन चालवणाऱ्या जुन्या मिस साहेब निवृत्त होऊन मायदेशी गेल्या आणि नव्या आल्या. जुन्यांनी बाईंना कधी काही विचारले नव्हते. त्यांना मराठी येत असे आणि गुडघेदुखीही होती, त्यामुळे दोघींचे जमे. नव्या मिस साहेब तरुण होत्या, हुशार होत्या, पहाटे पाचला उठत, घड्याळ समोर ठेवून गुडघ्यांवर बसत. दवाखान्यात स्वतः फडकी उकळत. त्या वाईट होत्या असे मला म्हणता आले असते तर हे लिहिणे सोपे झाले असते.

त्यांनी छापील तक्ते आणले. दर आठवड्याला प्रत्येक बायबलबाईने भरायचे. कोणते गाव, किती घरे, ऐकणाऱ्या बायका किती, कोणती गाणी शिकवली. शेवटचा रकाना होता, खासगी प्रार्थनेला दिलेला वेळ. मिस साहेबांना मराठी जेमतेम येई, म्हणून तक्ते इंग्रजीत लिहायचे काम माझ्याकडे आले. घरी बसलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या, न बोलणाऱ्या मुलीला शोभणारे काम. पपांना फार अभिमान वाटला.

शनिवारी दुपारी बाई सांगत आणि मी लिही. पहिल्या शनिवारी शेवटच्या रकान्याशी येऊन मी विचारले, "प्रार्थना किती वेळ?"

"सुरू कदी केली ते सांगते. दुष्काळात आय गेली तवा. संपली की कळवते तुज्या मिस साहेबांना."

मला हसू आले. मी रकान्यात 'सतत' या अर्थाचा एक इंग्रजी शब्द लिहिला.

सोमवारी मिस साहेबांनी मला बोलावले. त्या शब्दावर पेन्सिल टेकवून त्यांनी विचारले, ही थट्टा आहे का? मी लाल झाले. समजावून सांगायला मला चार वाक्ये पुरली असती. ती चार वाक्ये माझ्याजवळ होती, व्याकरणशुद्ध होती.  मी म्हटले, चूक झाली.

पुढच्या शनिवारपासून मी त्या रकान्यात आडवी रेघ ओढू लागले. आडवी रेघ ओढली की बोलावे लागत नाही. बाईंना इंग्रजी वाचता येत नव्हते, म्हणून मी निर्धास्त होते. त्या शेजारी बसून तक्त्याकडे पाहत आणि काही म्हणत नसत.

सगळा उन्हाळा मी रेघा ओढल्या. मे महिन्यात मिस साहेब माथेरानला गेल्या. तिथल्या गारव्यात त्यांना सगळे तक्ते नीट वाचायला सवड मिळाली. परत आल्या त्या ठरवूनच. जी पगारी बाई प्रार्थना करत नाही, उपासनेत डोळे उघडे ठेवते, आमेन म्हणत नाही आणि रस्त्याने अंगात आल्यासारखी पुटपुटत जाते, तिला गावांत कसे पाठवायचे? मंडळीच्या पंचांना आपल्या बंगल्यावर बोलावले. पंचांत पपाही होते. बाईंचे समाधानकारक उत्तर आले नाही तर काम बंद आणि पाऊस लागायच्या आत खोली रिकामी. बायजाआक्काला बाजेसकट उचलून कुठे न्यायचे, हा प्रश्न कोणत्याही रकान्यात नव्हता.

"विचारतील तेवढंच सांग," पपा मला आदल्या दिवशी म्हणाले. "आपल्या खोल्याही मिशनच्याच आहेत, बेबी."

बंगल्याच्या व्हरांड्यात पायऱ्यांपाशी चपलांचा ढीग होता. मी मिस साहेबांच्या खुर्चीमागे उभी होते, दुभाषी म्हणून. बाई समोरच्या बाकावर कडेला बसल्या होत्या. बाजूची जागा मोकळी.

ती प्रार्थना करते का, विचार, असे मिस साहेब म्हणाल्या. मी विचारले.

बाईंना हसूच आले. "हिलाच इचारा की. ही पोर रोज बगते."

मी ते भाषांतर केले. ती म्हणते, या मुलीला विचारा.

मिस साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. पंचांनी पाहिले. पपा आपल्या हातांकडे पाहत होते. बाई माझ्याकडे पाहत होत्या, अगदी निश्चिंतपणे, पावसात शेजाऱ्याच्या दाराकडे पाहावे तशा.

मी म्हटले, प्रार्थनेच्या वेळी मी त्यांच्या घरी कधी गेलेली नाही.

हे शब्दशः खरे होते. प्रार्थनेची वेळ अशी त्या घरात नव्हतीच. शाळेत मला खोटे बोलू नये असे शिकवले होते आणि मी खोटे बोलले नाही.

मग मिस साहेब हळू आवाजात म्हणाल्या की आम्हाला कोणाला शिक्षा करायची नाही. तिने आता इथे, आम्हा सगळ्यांबरोबर, आम्ही करतो तशी प्रार्थना करावी. गुडघे टेकून, डोळे मिटून, आणि शेवटी आमेन. एवढे झाले तर आम्ही समाधानी आहोत. मी तेही भाषांतर केले. एकही शब्द सुटू दिला नाही.

 बाईंनी आवाराच्या टोकाकडे पाहिले. व्हरांड्यातून त्यांच्या खोलीचे दार दिसे, आणि दारातून बाजेचे दोन पाय. त्या बराच वेळ ते पाय पाहत होत्या. मग उठल्या आणि फरशीवर गुडघे टेकले. गुडघ्यांचा आवाज झाला.

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

बाईंनी मिटले. डोळे मिटलेला तो चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला आणि मला कातकरवाडीतले ते मूल आठवले. त्यांनी चर्चचे पाळक करतात तशी, पुस्तकी मराठीत प्रार्थना केली. हे स्वर्गीय पित्या, आम्ही पापी आहोत, आम्हाला क्षमा कर. एकही हाय-नाय त्यात नव्हते. मग त्या थांबल्या. इतका वेळ थांबल्या की एका पंचाने घसा खाकरला.

"आमेन," बाई म्हणाल्या.

"आमेन," सगळे म्हणाले. आणि चपला शोधू लागले.

मिस साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्यांनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी मनापासून म्हणाल्या. मी सांगितले, "त्या म्हणतात, देवाला आज आनंद झाला असेल."

"बरं," बाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितले, "सकाळी अर्दा तास, सांजंला अर्दा तास. लिव." मी लिहिले. मिस साहेबांनी त्या तक्त्यावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

त्यानंतर मी काही ना काही निमित्त काढून त्या खोलीकडे जाई आणि दाराबाहेर उभी राही. पहिल्या दिवशी राहिले होते तशीच. आत फुंकणीचा आवाज येई, भांड्याचा येई. बोलण्याचा येत नसे. दुसरा पाट भिंतीला उभा करून ठेवला होता. पुढे तो आडवा टाकून बाई त्यावर विळी ठेवू लागल्या. बायजाआक्का बाजेवरून मान वळवून चुलीकडे पाहत राही. पाच वर्षे ती न बोलता पडून होती, पण ऐकायला तिला काहीतरी होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास बायजाआक्का गेली. मला वाटले, आता खोलीची गरज उरली नाही, आता बाई पुन्हा बोलू लागतील. निदान भांडतील. मी वाट पाहिली. पुरून आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि भात टाकला. लाकडे ओली होती. त्या नुसत्या डोळे पुसत राहिल्या.

मी शिक्षिकेचा कोर्स करायला पुण्याला गेले. मिस साहेबांनीच मला शिफारसपत्र दिले. त्यात त्यांनी मी विश्वासू आहे असे लिहिले होते.

दोनेक वर्षांनी एका नातेवाइकाकडून परत जाताना खालापूरला मोटारीची वाट पाहत थांबले होते. कचेरीसमोरच्या झाडाखाली एक बाक होता. त्यावर शेवंताबाई बसल्या होत्या. त्यांना आता खालापूरकडची गावे दिली होती. आणखी वाळल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी होती आणि त्या बाकाच्या मधोमध बसल्या होत्या.

मी जवळ जाऊन उभी राहिले. "बाई, जरा सरकता?"

त्यांनी वर पाहिले. मला ओळखले की नाही, ते कळले नाही. "कोनासाटी?"

"माझ्यासाठी."

"मग बस," म्हणून त्या सरकल्या.

आम्ही बोललो. आईची तब्येत, पपांचा खोकला, पुण्याची थंडी. त्यांनी एकाही गोष्टीची आठवण काढली नाही. मग पिशवीतून चौपदरी घडी केलेला तक्ता काढला. "तू हाईस तं लिवून दे. हितला मास्तर लई गिचमिड लिवतो. तुजं अक्षर चांगलं हाय."

मी पिशवीवर कागद ठेवून लिहू लागले. गावे, घरे, बायका, गाणी. शेवटच्या रकान्याशी आले तेव्हा माझी पेन्सिल थांबली.

"सकाळी अर्दा, सांजंला अर्दा," बाई समोर पाहत म्हणाल्या. मग तशाच शांतपणे म्हणाल्या, "रेघ नको वडू."

रेघ वाचायला इंग्रजी यावे लागत नाही, हे मला तोवर सुचले नव्हते.

मी लिहिले. कागद घडी घालून दिला. काहीतरी बोलायला हवे होते आणि आता ते मराठीत बोलायचे होते, दुभाषी लागणार नव्हता. तेवढ्यात मोटार आली. मी उठले.

खिडकीतून पाहिले तर बाई मघाशी सरकल्या होत्या तिथेच, कडेला बसून होत्या. शेजारची जागा मोकळी होती. मोटार सुरू होईना. ड्रायव्हर खाली उतरून हॅण्डल फिरवत होता आणि मी त्या मोकळ्या जागेकडे पाहत होते. माझे ओठ हलत होते की काय, कोण जाणे.

एक माणूस आला आणि त्याने आपले गाठोडे त्या जागेवर ठेवले. बाईंनी त्याच्याकडे पाहिले. मग गाठोड्याखाली अडकलेला आपला पदर ओढून घेतला आणि त्या समोर पाहत बसल्या.